खोलीचा प्रश्न

गिरगावात 'खोली' या शब्दाला एकच अर्थ आहे. दहा बाय बारा, मागे मोरी, पुढे गॅलरी आणि भाडं पागडीचं. समुद्रालाही खोली असते असं शाळेत भूगोलाच्या मास्तरांनी सांगितलं होतं. पण ती भाड्याने मिळत नसल्यामुळे आमच्या वाडीत तिची कुणी चौकशी केली नाही. वास्तविक समुद्र आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. चर्नी रोडचा पूल ओलांडला की चौपाटी. पण गिरगावकर आणि समुद्र यांचे संबंध चाळीतल्या दोन जुन्या बिऱ्हाडांसारखे आहेत. रोज एकमेकांना बघायचं, पावसाळ्यात जरा आवाज चढवायचा, पण उंबरा ओलांडून आत जायचं नाही. वर्षातून एकदा गणपतीला पोचवायला जायचं, तेही विजार गुडघ्यापर्यंत दुमडून.

माझी स्वतःची जलप्रवासातली कामगिरी तर सांगण्यासारखीही नाही. सातवीत असताना शाळेची सहल लाँचने घारापुरीला गेली. सकाळी आईने घातलेले पोहे मी अपोलो बंदर आणि घारापुरी यांच्या बरोबर मध्यावर अरबी समुद्राला परत केले. लेणी मी पाहिली नाहीत. सगळा वर्ग त्रिमूर्ती बघत होता तेव्हा मी खाली एका झाडाला टेकून परतीच्या लाँचचा विचार करत बसलो होतो.

तर अशा या घराण्यात, दादाची धाकटी मुलगी एका गुरुवारी जेवताना म्हणाली, "मला मत्स्यमध्ये बसायचंय."

"मत्स्य?" आई म्हणाली. "आज गुरुवार आहे ना गं?"

चिराबाजारातल्या मासळीशी या मत्स्याचा संबंध नाही, हे समजावण्यात पहिलं वाढप संपलं. 'मत्स्य ६०००' ही पाणबुडी. लढाईची नव्हे, संशोधनाची. २०२१ साली आपल्या सरकारने 'समुद्रयान' नावाची योजना जाहीर केली आणि चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने ही पाणबुडी करायला घेतली. माणसांनी बसायचं ते टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या एका गोळ्यात. गोळ्याचा व्यास २.१ मीटर, पत्रा ८० मिलिमीटर जाड, आत माणसं ३, आणि जायचं ६००० मीटर खाली. ऑगस्ट २०२५ मध्ये आपली दोन माणसं तालीम म्हणून फ्रान्सच्या 'नॉतील' नावाच्या पाणबुडीतून अटलांटिकमध्ये उतरली. एक ४०२५ मीटर, दुसरा ५००२ मीटर. ती बातमी वाचल्यापासून आमच्या धाकटीचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. तिने कुणालाही न विचारता परीक्षा दिली होती, आणि चेन्नईला समुद्राचं इंजिनिअरिंग शिकायला तिला प्रवेश मिळाला होता.

दादाने आमटीत बोट तसंच ठेवून मनातल्या मनात हिशेब केला. "म्हणजे सात बाय सात. त्यात तिघं. १९७४ साली आपल्या या खोलीत नऊ जण होतो." दादाला प्रश्न जागेचाच वाटत होता, आणि त्या दृष्टीने तो सुटलेला होता.

वहिनींना मात्र वेगळंच आठवलं. "ती टायटॅनिक बघायला गेलेली पाणबुडी विसरलात? चार दिवस आपण टीव्हीसमोरून हललो नव्हतो." खरं होतं. जून २०२३ मधली 'टायटन'. पाच माणसं गेली होती. आमच्या हिने हातातला पापड खाली ठेवला. वहिनींनी डोळ्याला पदर लावला.

आई काहीच बोलली नाही. ताटातला भात तसाच ठेवून उठली आणि मोरीत जाऊन हात धुवत राहिली. हात धुवायला एवढा वेळ लागत नाही. कारण आम्हा सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही.

रात्री गॅलरीत बैठक होऊन धाकटीला परावृत्त करण्याची जबाबदारी माझ्यावर आली. "भावोजी, तुम्ही वाचता. तुमचं ती ऐकेल," वहिनी म्हणाल्या. मी वाचतो हे खरं. माझं कुणी ऐकतं या विधानाला मात्र आजवर पुरावा मिळालेला नाही. पण माझी निवड चुकीची नव्हती. मी छत्तीस वर्षं विम्याच्या कचेरीत क्लेमच्या टेबलावर बसलो. बुडणं, जळणं, कोसळणं या तीन विषयांत मला गती आहे. कुठल्याही वस्तूची फाइल द्या, ती कधी आणि कशी मोडली हे मी सांगतो. धाकटीने स्वतःच आपली जाड जाड पुस्तकं माझ्यापुढे आणून ठेवली. फिर्यादी पक्षाला आरोपीनेच कागद पुरवावेत तसं.

मी जुन्यातली जुनी फाइल निवडली. 'अल्विन'. अमेरिकेतल्या वुड्स होल या गावच्या सागरी संस्थेची पाणबुडी, ५ जून १९६४ ला नोंदलेली. म्हणजे साठी उलटलेली. साठी उलटलेल्या वस्तूत दोष सापडायला किती वेळ लागणार? आमच्या चाळीत तर नुसतं वर बघितलं तरी सापडतात.

सुरुवात झकास झाली. पाणबुडी कुणी बांधली, तर जनरल मिल्स या कंपनीने. ही कंपनी सकाळच्या नाश्त्याच्या लाह्या विकण्याबद्दल प्रसिद्ध! तिच्या यंत्रं करणाऱ्या शाखेने हे काम घेतलं होतं, हे मी घरी सांगताना गाळलं. उद्या आपल्याकडे एखाद्या चिवडेवाल्याने पाणबुडी काढली तर तुम्ही पोरीला तिच्यात बसवाल का, असं मी विचारलं. "चिवडा बरा असेल तर बघू," दादा म्हणाला. पुढे नाव. ॲलिन व्हाइन म्हणून तिथे एक शास्त्रज्ञ होते. लढाईच्या पाणबुड्यांपेक्षा खोल जाणारी, खिडक्या असलेली छोटी पाणबुडी हवी म्हणून ते वर्षानुवर्षं सगळ्यांच्या मागे लागले. त्यांच्या नावाची आणि आडनावाची सुरुवातीची अक्षरं चिकटवून लोकांनी 'अल्विन' केलं. चाळीत माणसांची नावं अशीच पडतात, त्यामुळे त्यात नावं ठेवण्यासारखं काही नव्हतं.

मग १९६६. स्पेनमधल्या पालोमारेस गावावर आकाशात अमेरिकेची दोन विमानं एकमेकांवर आदळली. एकात चार हायड्रोजन बॉम्ब होते. तीन जमिनीवर सापडले, चौथा समुद्रात गेला. सगळं आरमार शोधायला आलं. फ्रान्सिस्को सिमो ओर्त्स नावाचा तिथला एक कोळी सांगत होता की मी डोळ्यांनी पाहिलंय, तो इथे पडला. पण कोळ्याचं ऐकायला आरमाराला थोडा वेळ लागतो. शेवटी अल्विनने तळाशी जाऊन, चिखलातला ओरखडा धरत धरत, बॉम्बची हवाई छत्री हुडकून काढली. जवळजवळ त्या कोळ्याने सांगितलेल्या जागीच. वर ओढताना दोर तुटून बॉम्ब पुन्हा खाली गेला, अल्विन पुन्हा त्याच्या मागे गेली आणि पुन्हा शोधून आली.

हे सगळं मी रात्री जेवताना, भीती वाटावी अशा आवाजात सांगत असे. आई लांब बसून तांदूळ निवडत असे. ती ऐकत नाहीये असं दाखवत होती, पण त्या आठवड्यात घरात सहा किलो तांदूळ निवडले गेले.

१९६७ सालची हकीगत मी फार उमेदीने काढली होती. अल्विन सहाशे मीटर खाली असताना एका भल्यामोठ्या तलवारमाशाने तिच्यावर हल्ला केला. त्याची तलवार बाहेरच्या कवचाच्या फटीत अशी रुतली की मासा सुटेना. आतल्यांना वाटलं पाणी शिरणार. तातडीने वर आले.

"मग?" वहिनींनी घाबरून विचारलं.

"मग काय, मासा तसाच लटकलेला. त्याचं त्यांनी रात्री जेवण केलं."

"कालवण की तळून?" कोपऱ्यातून आवाज आला. तांदळाचं सूप थांबलं होतं.

ते पुस्तकात दिलेलं नव्हतं. परदेशी लेखक अशा महत्त्वाच्या जागी नेमके हात राखतात.

माझी पंचाईत अशी झाली की धाकटीला घाबरवण्यासाठी जी फाइल उघडली ती मीच रात्री दीड-दीड वाजेपर्यंत वाचू लागलो. १९७७ साली गॅलापागोस बेटांजवळ अडीच हजार मीटर खाली हिने जे बघितलं ते तर मी दोनदा वाचलं. तिथे समुद्रतळाला भेगा आहेत, त्यातून ऊन पाणी येतं, एवढाच अंदाज होता. गेलेले सगळे दगडांचे अभ्यासक. खिडकीतून बघतात तो काय, मिट्ट काळोखात, जिथे सूर्याचा किरण कधी पोचला नाही तिथे, वस्तीच्या वस्ती! पांढरे खेकडे, वीतभर लांबीचे शिंपले, आणि लाल तुऱ्यांचे माणसाएवढे उंच किडे. या किड्यांना तोंड नाही, पोट नाही, आतडं नाही. पोटात वस्तीला ठेवलेले सूक्ष्म जंतू भेगेतल्या गंधकी वायूवर जगतात आणि घरमालकाला जेवू घालतात. भाडेकरू मालकाला पोसतो ही व्यवस्था पागडीवाल्यांना ओळखीची वाटेल. मालक तोंड उघडत नाही हा भाग मात्र नवा. पृथ्वीवर सूर्याशिवाय असा संसार चालू शकतो हे तोवर कुणाला ठाऊक नव्हतं. जहाजावर जीवशास्त्राचा एकही माणूस नाही, नमुने टिकवायला औषध पुरेसं नाही. शेवटी कुणीतरी घेऊन ठेवलेल्या रशियन व्होडकात त्यांनी ते प्राणी बुडवले. विज्ञानासाठी माणसं काय काय त्याग करतात!

तरी मी कर्तव्याला चुकलो नाही. खाली दाब किती असतो ते मी सर्वांना समजावलं. सहा हजार मीटरवर अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर सहाशे किलो. दादा म्हणाला, तेवढा दाब सकाळच्या चर्चगेट फास्टला अंधेरीहून पुढे असतोच. थंडी सांगितली, गोळा आतून थंडगार पडतो, स्वेटर घालून बसावं लागतं. शेवटी मी हुकमाचं पान टाकलं. आठ-नऊ तास आत बसायचं आणि आत संडास नाही. बाटली असते. यावर धाकटी शांतपणे म्हणाली, "काका, आपल्या चाळीत तो मजल्याच्या टोकाला आहे आणि सकाळी सातला रांग असते. मला सवय आहे."

बायकांचं काय, हा मुद्दा वहिनींचा. तिथेही फाइल उलटली. १९७१ साली रूथ टर्नर या प्राध्यापक बाई अल्विनमधून खाली गेल्या होत्या, आणि १९९० पासून सिंडी व्हॅन डोव्हर नावाच्या बाई ती पाणबुडी स्वतः चालवत होत्या. "चालवत?" वहिनी म्हणाल्या, आणि का कोण जाणे, धाकटीकडे जरा निरखून बघू लागल्या.

मी मग तडजोडीचा प्रस्ताव मांडला. समुद्रच करायचा तर गोव्याचा कर. दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ सालची. रात्री बसलं की सकाळी पणजी. नारळ, भात, बोलायला माणसं. धाकटीने मलाच शिकवलं. त्याच गोव्याच्या संस्थेचं 'गवेषणी' नावाचं जहाज होतं. मूळचा गाळ वाहायचा बार्ज, तो सुधारून १९७६ साली संशोधनाला काढलेला. २६ जानेवारी १९८१ ला, आपण टीव्हीवर संचलन बघत होतो तेव्हा, या जहाजाने अरबी समुद्राच्या तळातून काळ्या बटाट्यांसारखे दगड वर काढले. मँगॅनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट, सगळं त्या बटाट्यात. पुढे १९८७ साली हिंदी महासागरातला दीड लाख चौरस किलोमीटर तळ या शोधासाठी भारताच्या वाट्याला आला. हा बटाटा दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतो. एवढा सावकाश वाढणारा पदार्थ मला जगात दुसरा एकच माहीत आहे, आमच्या चाळीच्या पुनर्विकासाची फाइल. "ते दगड दोराला झोळी बांधून, न बघता उचलले, काका," धाकटी म्हणाली. "गच्चीवरून दोरी सोडून खालच्या वाण्याकडचं सामान चाचपून घ्यावं तसं. आता खाली जाऊन बघायची वेळ आली. ते यंत्र चेन्नईला होतंय, त्याला मी काय करू?"

यावर उत्तर नव्हतं.

उरली एकच हकीगत, अपघाताची. ती मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. क्लेमच्या भाषेत ज्याला टोटल लॉस म्हणतात ती. तारीख १६ ऑक्टोबर १९६८.

अल्विनला समुद्रात सोडायला एक जोडहोडी होती. आरमाराच्या टाकाऊ सामानातले दोन लांबलचक तरंगते पिंपाडे शेजारी शेजारी बांधून केलेली, दिसायला अगदी सामान्य. दोन पिंपाड्यांच्या मधल्या जागेत पाळण्यासारखी अल्विन टांगायची आणि पोलादी दोरांनी खाली सोडायची. त्या दिवशी तिला सोडत असतानाच दोर तुटले. वरचं झाकण उघडं. पाणी आत. अल्विन दीड हजार मीटर खाली तळाशी गेली.

मी इथे मुद्दाम थांबलो. आई तांदूळ निवडत नव्हती.

"दहा महिन्यांहून जास्त ती तिथे पडून होती," मी म्हटलं. "१९६९ साली दुसऱ्या एका पाणबुडीच्या मदतीने तिला आकडा लावून वर काढलं. आणि गंमत म्हणजे, आतला डबा जसाच्या तसा होता. सँडविचेस, सफरचंदं, थर्मासमधलं सूप. पाण्याने भिजलेलं होतं, पण नासलं नव्हतं. कुणीतरी चव घेऊनसुद्धा बघितली! घरच्या फ्रीजमध्ये टिकलं नसतं ते दीड किलोमीटर खाली टिकलं. त्यावरून शास्त्रज्ञांनी शोधायला सुरुवात केली की त्या थंडीत आणि दाबात जंतूंचं काम इतकं मंद का होतं. एका डब्यावरून केवढं—"

"डबा परत आला," आई म्हणाली. "आणि माणसं?"

इथे मला थोडं मागे जावं लागेल.

आमचं मूळ गाव कोकणातलं. माझ्या लहानपणी अजून वाडीतली निम्मी बिऱ्हाडं मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून बोटीने जायची. आम्ही मात्र एस.टी.ने. मला एस.टी.तही लाँचइतकंच मळमळायचं, पण बोटीचा विषय घरात निघायचा नाही. १७ जुलै १९४७ ला सकाळी 'रामदास' नावाची बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. आषाढातली अवस, उधाणाचा समुद्र. काशाच्या खडकाजवळ एका मोठ्या लाटेने ती कलंडली आणि माणसांसकट तळाशी गेली. सहाशेच्या वर माणसं. रेवसच्या कोळ्यांनी होड्या घालून जेवढी हाती लागली तेवढी वाचवली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. मुंबईला बातमी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती.

त्या बोटीवर आईचा मामा होता. गिरगावात तिच्या आईवडिलांकडेच राहायचा. अलिबागेला काही कामाला निघालेला, संध्याकाळच्या बोटीने परत येतो म्हणून सांगून गेलेला. आई तेव्हा सहा वर्षांची. तिच्या आठवणीत बोट नाही, समुद्र नाही. आठवतं ते एवढंच, की रात्री तिच्या आईने त्याचं ताट वाढून झाकून ठेवलं, आणि ते तिसऱ्या दिवशी उचललं.

आणि मी तिला डब्याची गंमत सांगत होतो.

"माणसं आधीच वर आली होती, आई," मी म्हटलं. "तिघंही. पाणी शिरायला लागल्याबरोबर झाकणातून बाहेर पडली. एकाच्या पायाला जरासं लागलं, बाकी काही नाही. वर लोक उभेच होते ना, त्यांनी लगेच ओढून घेतलं."

"वर कोण उभं होतं?"

"ती जोडहोडी म्हटलं ना, तिच्यावरची माणसं. अल्विन खाली असते तेव्हा ती वरून हलत नाही. पाण्यातून बोलायचा फोन असतो. दर अर्ध्या तासाने खालचे सांगतात, खोली इतकी, सगळं ठीक. वरचे ऐकतात."

"दिवसभर?"

"दिवसभर. सोडल्यापासून परत येईपर्यंत."

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तिला काही नाव होतं का रे? त्या वर थांबणारीला?"

ते पान मी वाचलं होतं, पण घाबरवण्याच्या कामाचं नव्हतं म्हणून सोडून दिलं होतं. "होतं. लुलू. त्या ॲलिन व्हाइनसाहेबांच्या आईचं नाव."

"हं," आई म्हणाली. आणि सूप उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून उलटतपासणीची दिशा बदलली. प्रश्न आई विचारायची आणि उत्तरं धाकटी द्यायची. माझी जागा श्रोत्यांत. ती टायटन का फुटली? कारण तिचं माणसांनी बसायचं नळकांडं कार्बनच्या धाग्यांचं केलं होतं आणि बाहेरच्या कुठल्याही जाणत्याकडून ती तपासून प्रमाणित करून घेतली नव्हती. आणि ही अल्विन? ही दर चार-पाच वर्षांनी पूर्ण उलगडतात. प्रत्येक स्क्रू, प्रत्येक तार बाहेर काढून तपासायची आणि मगच पुन्हा जोडायची. पोलादाचा मूळचा गोळा १९७३ साली बदलून टायटॅनियमचा घातला, पुढे तोही बदलला. १९६४ सालचं तिच्यात आज काही शिल्लक नाही. पहिल्यांदा जेमतेम अठराशे मीटर जायची, २०२२ पासून साडेसहा हजार मीटर जायची परवानगी आहे. २०१८ साली तिची पाच हजारावी बुडी झाली, आणि एवढ्या बुड्यांत एकही माणूस दगावला नाही.

"दर दिवाळीला भांडी काढून घासतो तसं," आई म्हणाली. एवढ्यावर तिचं समाधान झालं. वर छताकडे बघून ती आणखी काही म्हणाली, पण तो आमच्या चाळीचा विषय होता.

वर यायचं कसं, हाही तिचा प्रश्न. जाताना लोखंडाची वजनं बांधून जायचं, यायच्या वेळी ती तळाशी सोडून द्यायची, म्हणजे पाणबुडी आपोआप वर. "म्हणजे ओझं टाकलं की वर येतं," आई म्हणाली. मत्स्यमध्ये बारा तासांची बुडी धरली आहे, अडचण आलीच तर शहाण्णव तास पुरेल एवढी हवा. "आणि चेन्नईला वर कोण थांबणार?" त्या संस्थेचं 'सागरनिधी' नावाचं जहाज आहे असं धाकटीने सांगितलं. आईला नाव पसंत पडलं नाही. बाईचं हवं होतं.

अजून शिक्षण व्हायचं आहे, नोकरी मिळायची आहे, तिला मत्स्यमध्ये बसवणार की किनाऱ्यावर नट आवळायला ठेवणार हे कुणालाच माहीत नाही, असं मी दादाला हळूच म्हटलं. "ते तिला माहीत आहे," दादा म्हणाला. "आईला सांगू नकोस. तिने मनाने पोरीला खाली सोडली आहे."

निघायच्या दिवशी आईने स्वतः डबा केला. तूप लावलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुळपापडी. भिजला तरी टिकेल असा, ती म्हणाली. बोरीबंदरला पोचवायला मीही येते म्हणून हट्ट धरला. टॅक्सीपेक्षा आता खालून मेट्रो बरी. ऑक्टोबर २०२५ मध्ये गिरगावचं स्टेशन सुरू झालं. लाइनीचं नाव 'ॲक्वा', पाण्याचा थेंब कुठे नाही. चौऱ्याऐंशी वर्षांची आमची आई आयुष्यात प्रथमच जमिनीखाली उतरली. सरकत्या जिन्यावर तिने एका हाताने डबा आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट असं धरलं होतं की मला दाबाची थोडीफार कल्पना आली. खाली पोचल्यावर तिने चारी बाजूंना बघितलं. "दिवे भरपूर आहेत की रे," ती म्हणाली. दुसऱ्याच स्टेशनवर उतरायचं होतं, पहिलं काळबादेवी. ते गेल्यावर ती जरा सैल झाली.

रात्रीची गाडी सुटली. घरी येऊन मी अंथरुणावर पाठ टेकतो न टेकतो तोच आई उशाशी उभी. "अर्धा तास झाला."

"कसला?"

"फोन लाव."

लावला. धाकटी म्हणाली, "आजी, ठाणं गेलं. खोली शून्य. सगळं ठीक." आईने मान डोलावली आणि घड्याळ घेऊन खुर्चीत बसली. पुढचा फोन कल्याणपुढे, त्याच्या पुढचा घाटात. घाटात लागला नाही. तेवढा वेळ आई गॅलरीत उभी होती. पुण्यानंतर मी धाकटीला झोपू दे म्हणून गयावया केली, तर आई म्हणाली, "खाली असलेल्याने झोपायचं नसतं, आणि वरच्यानेही." सोलापूरला उजाडलं. दादा आणि वहिनी उठून आले, आमच्या हिने चहा ठेवला, आणि सगळं बिऱ्हाड त्या फोनभोवती बसलं.

साडेनऊच्या सुमाराला पुन्हा लावला. "आजी, वाडी आली," धाकटीचा जांभई दिलेला आवाज आला.

"कुठली वाडी? खोताची?"

"अगं, वाडी जंक्शन! कर्नाटकात!"

"बरं. डबा खाल्लास?"

"सोलापूरलाच संपला."

"सगळा?"

"सगळा. डबा धुवून ठेवलाय."

आईने फोन माझ्या हातात दिला आणि आत जाऊन झोपली.